वय नाही, सीसी विचारतात

मुलगा अठराचा, बाइक नवी, म्हणजे विमा महागच पडणार असं धरून येणारे वडील मला नेहमी भेटतात. मी कोल्हापुरात दुचाकींचे विमे उतरवतो. त्यांना म्हणतो, काका, इंग्लंडात असता तर घाबरणं बरोबर होतं. तिथं १७ व्या वर्षी १२५ सीसीपर्यंतच, १९ व्या वर्षी मध्यम ताकदीची, आणि थेट परीक्षा देऊन मोठी बाइक हवी तर वय २४. कंपनीही वय, लायसन्सचा वर्ग, अनुभव बघूनच हप्ता सांगते.

आपल्याकडे थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, इंजिन बघून. २०२२ च्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीला वर्षाला ७१४ रुपये, ३५० च्या वर २,८०४. वर जीएसटी. हँडल पोराच्या हातात की आजोबांच्या, कुणी विचारत नाही. वीस वर्षं जपून चालवणाऱ्यावर हा अन्यायच, असं माझं मत.

त्याला दिलासा एकच, नो क्लेम बोनस. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात पहिल्या वर्षानंतर २० टक्के सूट, सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ५०. ही सूट मालकाची, गाडी विकली तरी नव्या गाडीला लागते. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की मात्र गेली.

लायसन्स आठवतं ते अपघातानंतर. ते नसेल तर आपल्या गाडीचा क्लेम सहसा फेटाळतात. जखमीला कंपनीनं भरपाई दिली, तरी कोर्ट ती मालकाकडून वसूल करायची मुभा देऊ शकतं. आणि सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन्स ५० सीसीपर्यंतचंच. घरातली ११० सीसीची स्कूटर त्यात बसत नाही.