पाण्यातलं विष : भाग ६ – लोखंड, कोळसा आणि धुवण

जानेवारी २०२५मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस मुठीमुठीने हातात येऊ लागले, तेव्हा पहिला संशय गेला पाण्यावर. जाणारच, हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. वाहिन्या 'टक्कल व्हायरस' म्हणून मोकळ्या झाल्या. पाण्यात नायट्रेट आणि क्षार भरपूर निघाले, पण एवढ्याने चार दिवसांत टक्कल पडण्याचा उलगडा होईना. पुढे वैद्यकीय संशोधक डॉ. हिंमतराव बावस्करांनी बोट दाखवले ते रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे. गहू पंजाब-हरियाणाकडचा. पंजाबातल्या होशियारपूर-नवांशहर भागात काही जमिनींत मुळातच सेलेनियम जास्त आहे.

गव्हातले सेलेनियम कुठल्याही फिल्टरने निघणार नाही. पाण्यात उतरलेले मात्र, आर्सेनिकप्रमाणेच, काढता येते आणि त्यासाठी लोखंड व कोळसा ही जोडी चांगली. कोळशासाठी आपल्याकडची पऱ्हाटीसुद्धा (कापसाच्या वाळक्या काड्या) चालते. तिचा भुगा लोहक्षाराच्या पाण्यात भिजवायचा, वाळवायचा आणि हवा न लागू देता तापवायचा. कोळशाच्या छिद्राछिद्रांत लोखंडाचे बारीक कण बसतात. पुढचे काम मुख्यतः लोखंडाचे: गंजाच्या पृष्ठभागाला आर्सेनिक चिकटते. सेलेनियमचे एक रूप, सेलेनाइट, तसेच चिकटते. दुसरे, सेलेनेट, सहज दाद देत नाही. त्याला शुद्ध लोखंड इलेक्ट्रॉन देऊन आधी सेलेनाइट आणि मग न विरघळणारे सेलेनियम बनवते. या लोहयुक्त कोळशाच्या भुकटीत मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारे लोह-ऑक्साइड, असेल तर चुंबक लावून ती पाण्याबाहेर ओढता येते. बांगलादेशात अबुल हुसाम यांनी केलेल्या 'सोनो' फिल्टरमध्येही लोखंड, वाळू आणि कोळसाच आहे. आर्सेनिक काढणाऱ्या या फिल्टरला २००७मध्ये अमेरिकेतले ग्रेंजर पारितोषिक मिळाले.

अशी भुकटी 'पुन्हा वापरता येते' असा दावा केला जातो, आता त्याकडे. भुकटी विषाने भरली की तिच्यातले आर्सेनिक, सेलेनियम सौम्य कॉस्टिक सोड्याने सोडवतात. शिसे, कॅडमियम अडकले असेल तर ते सौम्य आम्लाने. आम्लात थोडे लोखंडही विरघळते, म्हणून प्रत्येक धुण्यानंतर भुकटीची ताकद घटते. आणि विष नाहीसे होत नाही. हजारो लिटरमधले विष थोड्या धुवणात गोळा होते. ते धुवण नालीत सोडले, तर सगळा खटाटोप कशासाठी? म्हणून अशी भुकटी किती वेळा वापरली, हे सांगणाऱ्याला मी आधी धुवणाचा हिशेब विचारेन.

दुसरा प्रश्न पाण्याचा. प्रयोगशाळेतल्या चाचण्या पुष्कळदा ऊर्ध्वपातित पाण्यात विष मिसळून होतात. जमिनीखालच्या खऱ्या पाण्यात फॉस्फेट, सिलिका, बायकार्बोनेट असतात आणि लोखंडावरच्या त्याच जागांसाठी झगडतात. चाचणी करायची तर शेगावच्या बोअरच्या पाण्यातच करावी.

नायट्रेटशी शुद्ध लोखंड भिडते खरे, पण त्याचा बराचसा अमोनिया करून ठेवते. खारेपणाला तर हातही लावत नाही. तिथे आरओच लागतो. त्यातून बाहेर पडणाऱ्या टाकाऊ पाण्याचे काय करायचे, ते पुढच्या आठवड्यात.