दुधाचाच तर दात!

२०१९ सालच्या दिवाळीतली गोष्ट. आमचे साडेतीन वर्षांचे चिरंजीव किल्ल्यासाठी मातीचे घमेले ओढीत होते. पाय सटकला आणि गुलमंडीतल्या आमच्या जुन्या घराच्या दगडी पायरीवर तोंड आपटले. रक्त पाहून माझे हातपायच गळाले! पण चूळ भरली, ओठाला बर्फ लावला, आणि पाचव्या मिनिटाला स्वारी चिरोट्यांकडे वळली. "दुधाचाच तर दात. पडायचाच आहे," सासूबाई म्हणाल्या. मलाही तेच ऐकायचे होते. ऐन सणात दवाखाना कोण गाठतो?

पंधरा दिवसांनी वरचा पुढचा दात करडा दिसू लागला. दुखत नव्हता, म्हणून मी गप्प राहिले. संक्रांतीला तिळगूळ चावताना पोर कळवळले. ओठ उचलून पाहते तो हिरडीवर पुवाची पुटकुळी!

घाटीच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात त्याला नेले. डॉक्टरीणबाईंनी क्ष-किरणांचे चित्र समोर धरले. दुधाच्या दाताच्या मुळामागेच कायमच्या दाताचा अंकुर वाढत असतो, हे मी प्रथमच पाहिले. "ताई, नुसता रंग बदलला तर आम्ही लक्ष ठेवून वाट पाहतो. कधी तो निवळतोही. पण पू झाला की थांबायचे नाही. तो अंकुरापर्यंत पोचतो."

एक तर दात काढायचा, नाही तर मूळ साफ करून भरायचे. मूळ शाबूत होते, म्हणून भरले. त्या लेपाला लवंगेचा वास येत होता. तो मुद्दाम विरघळणारा असतो. पुढे दुधाच्या दाताचे मूळ झिजते, त्याबरोबर लेपही जावा आणि नव्या दाताची वाट अडू नये.

"आणि दात मुळासकट बाहेर आला असता तर?" मी विचारले.

"दुधाचा असेल तर परत बसवायचा नाही, अंकुराला इजा होते. कायमचा मात्र मुळाला हात न लावता लगेच खोबणीत बसवा. नाही जमले तर दुधात घालून धावत या!"

२०२३ साली शहराचे नाव बदलले, आणि आमच्याकडे नवा दात आला. सरळ, मजबूत, फक्त कडेला एक पांढरा ठिपका. तो आपटल्याचा की माझ्या अडीच महिन्यांच्या दिरंगाईचा, हे डॉक्टरीणबाईंनाही सांगता आले नाही. सासूबाई म्हणतात, देवाने तीट लावली. तीट काळी असते. पण मी वाद घातला नाही.