शाकाहार, उतारवय आणि हाडांचा जमाखर्च

उतारवयात न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, आणि रुग्ण शाकाहारी असला, की आप्तमंडळींत दोन तट पडतात: एक सारा दोष घासफुसीवर लादून मोकळा होतो, तर दुसरा, जन्मभर अभक्ष्य न शिवलेल्या माणसाची हाडे ठिसूळ होणे अशक्य असे मानून फरशीला जबाबदार धरतो. शाकाहार ही एकजिनसी वस्तू आहे, हे दोघांचेही गृहीत. घोटाळा आहे तो तेथेच.

पहिल्या तटाजवळ दाखला मुळीच नाही असे नव्हे. ब्रिटनमधील सुमारे 55,000 माणसांच्या ऑक्सफर्ड पाहणीचे जे निष्कर्ष 2020 साली प्रसिद्ध झाले, त्यांत दूधही वर्ज्य करणाऱ्यांत खुब्याचे अस्थिभंग मांसाहाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आढळले. दूधदुभते घेणाऱ्या शाकाहाऱ्यांत मात्र ही वाढ सुमारे 25 टक्के होती, आणि कॅल्शियम व प्रथिने यांचाही हिशेब धरताच दोन्ही फरक किंचित उतरले. सबब दह्या-ताकावर पोसलेल्या आपल्या शाकाहाऱ्याला पहिला आकडा लावणे रास्त नव्हे.

दुसऱ्या तटाची समजूत अधिक जिवट आहे. 70,000हून अधिक रजोनिवृत्त अमेरिकन परिचारिकांच्या, 2024 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, दीर्घकालीन सरासरी आहाराचा खुब्याच्या अस्थिभंगाशी संबंध दिसला नाही. पण अलीकडचा आहार तेवढा पाहिला, तेव्हा अख्खी धान्ये, कडधान्ये, भाज्या व फळे यांवर भर असणाऱ्यांत धोका सुमारे 21 टक्के कमी, तर मैदा, साखर व गोड पेये यांवर भर असणाऱ्यांत सुमारे 28 टक्के अधिक आढळला. अशा पाहणीने कार्यकारण सिद्ध होत नाही, हे कबूल. तरीही आपल्या घरातल्या आजींचे ताट पाहावे. दात गेले म्हणून भाकरी आणि उसळ सुटली, पोट बिघडते म्हणून ताक सुटले. उरला तो मऊ भात, पातळ वरण, चहाबरोबर खारी, आणि एकादशीला साबुदाणा, जो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. आहार सोवळा खरा, पण हाडांच्या खाती त्यात जमा अशी फारशी नाही.

ही जमा वाढविण्यासाठी पालकावर विसंबणाऱ्यांची निराशा व्हावयाची. त्यातील ऑक्झलेट कॅल्शियमला जखडून ठेवत असल्याने दुधातील कॅल्शियम सुमारे 27 टक्के शोषले गेले, तेथे पालकातील अवघे 5 टक्के, असे 1988 सालच्या एका प्रयोगात दिसले. नाचणीची गोष्ट वेगळी: 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि तिच्यातील फायटेट शोषणाला काहीसे आड येत असले, तरी आंबविल्याने ते घटते; म्हणजे दात नसलेल्यांसाठी नाचणीची आंबील ही तडजोड नव्हे, सोय आहे. प्रथिनांमुळे हाडे झिजतात हा जुना सिद्धांत आता टिकलेला नाही. तेव्हा वरण पातळ ठेवण्याचे ते कारण सांगू नये.

राहिले ऊन. ड जीवनसत्त्वावाचून कॅल्शियमचे शोषण नीट होत नाही, आणि ते त्वचेत घडविणारे किरण साध्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. बंद गॅलरीत काचेआड वर्तमानपत्र वाचीत बसलेल्या आजोबांना ऊब मिळते, ड जीवनसत्त्व नव्हे.