खिळ्याचा फोटो आणि नागरिकशास्त्राचा तास

साल १९७३. पेरू देशाची राजधानी लिमा. सरकारने काढलेल्या साक्षरता मोहिमेत ब्राझीलचे नाटककार ऑगुस्तो बोआल काम करीत होते. मोहिमेतल्या मंडळींनी एक निराळीच युक्ती केली. वस्तीतल्या लहानथोरांच्या हाती साधे कॅमेरे दिले आणि सांगितले, ‘आम्ही प्रश्न विचारू. उत्तर शब्दांत नको, फोटोत द्या.’

‘पिळवणूक म्हणजे काय?’ या प्रश्नावर कोणी वाण्याचा फोटो आणला, कोणी घरमालकाचा, कोणी सरकारी कचेरीचा. एका मुलाने मात्र भिंतीत ठोकलेल्या खिळ्याचा फोटो आणला.

मोठी माणसे चक्रावली. बाकीच्या मुलांना मात्र उत्तर अगदी बरोबर वाटले! चर्चेतून उलगडा झाला. या वस्त्यांमधली मुले पाच-सहा वर्षांची झाली की बूटपॉलिशला लागत. वस्तीत पॉलिश करण्याजोगे बूट कोणाच्या पायांत असणार? त्यामुळे गिऱ्हाइकासाठी दूर शहरात जावे लागे. पॉलिशची जड पेटी रोज घरी ने-आण करणे जमत नसे. मग एखाद्या दुकानाच्या भिंतीतला खिळा भाड्याने घ्यायचा आणि रात्री पेटी त्यावर टांगून ठेवायची. दुकानदार एकेका खिळ्याचे रात्रीचे भाडे वसूल करी. तो खिळा रोज शेकडो लोकांच्या नजरेसमोर असेल, पण त्याचा अर्थ फक्त त्या मुलांना ठाऊक होता.

मुलांना आपल्या परिसराविषयी जे माहीत असते ते पुस्तकात बहुधा नसते आणि गुरुजींनाही ठाऊक नसते. कॅमेरा ते वर्गात आणू शकतो.

दहा डॉलरचा कॅमेरा

शाळेच्या वर्गात हा प्रयोग चिकाटीने केला तो अमेरिकेच्या वेंडी इवाल्ड या छायाचित्रकार बाईंनी. १९७५ च्या सुमारास त्या केंटकी राज्यातील लेचर परगण्यात गेल्या. हा मुलूख डोंगराळ, कोळशाच्या खाणींचा आणि गरिबीचा. तिथल्या लोकांना कॅमेऱ्याची ओळख होती, पण ती कडवट होती. साठच्या दशकात बाहेरची माणसे येत, पडकी घरे आणि मळकी पोरे टिपून जात. १९६७ मध्ये याच परगण्यात एका घरमालकाने आपल्या जागेत चित्रीकरण करणाऱ्या ह्यू ओकॉनर या कॅनडाच्या चित्रपटकाराला गोळी घालून ठार केले होते.

अशा ठिकाणी इवाल्डबाईंनी कॅमेरा स्वतःजवळ न ठेवता मुलांच्या हाती दिला, तोही फुकट नाही. प्रत्येकाने दहा डॉलर देऊन साधा इन्स्टामॅटिक कॅमेरा विकत घ्यायचा. फुकटच्या वस्तूची किंमत राहत नाही, हे त्या जाणून होत्या. शाळेत डार्करूम उभी राहिली आणि मुले स्वतःच फिल्म धुऊ लागली. विषय साधे होते: मी, माझे घरचे, माझी जनावरे, माझी स्वप्ने. बाहेरच्यांना जिथे फक्त दारिद्र्य दिसले होते, तिथे मुलांनी आजी-आजोबा टिपले, कुत्री टिपली, खोट्याखोट्या मरणाचे खेळही टिपले. १९८५ मध्ये या फोटोंचे पुस्तक निघाले. पुढे त्यांनी गुजरातमधल्या एका खेड्यातल्या मुलांबरोबरही असेच काम केले.

आपल्याकडे काय करता येईल?

आज फिल्मचा खर्च उरलेला नाही. अनेक घरांत फोन आहे आणि फोनमध्ये कॅमेरा. पण हीच अडचण ठरते. रिळात चोवीस किंवा छत्तीस फोटो असत, म्हणून मूल बटण दाबण्याआधी विचार करी. आता ते अर्ध्या तासात दोनशे फोटो काढते आणि एकही नीट पाहत नाही. तेव्हा शिक्षकांनी मर्यादा घालावी: फोटो पाचच. प्रश्नही नेमका हवा. ‘आपला परिसर’ असे मोघम सांगितले की देऊळ, बाग आणि पुतळा हे तीन फोटो ठरलेलेच! त्यापेक्षा ‘आपल्या गल्लीत सकाळी सर्वांत आधी कोण कामाला लागते?’ किंवा ‘पाणी येईपर्यंत कोण थांबते?’ असे विचारावे. फोटोखाली चार ओळी मुलाने स्वतः लिहाव्यात. त्या लिहिण्यासाठी त्याला दूधवाल्याशी, शेजारच्या काकूंशी बोलावेच लागते, आणि खरा अभ्यास तिथे सुरू होतो.

फोटो वर्गाच्या भिंतीवर लावून दुसऱ्यांनी प्रश्न विचारले तरच उपयोग. लिमातही खिळ्याचा अर्थ चर्चेतूनच कळला होता. फोटोला नुसते गुण देऊन मोकळे होणारा शिक्षक निम्मे काम सोडून देतो.

एक गोष्ट मात्र आधी शिकवायला हवी: परवानगी. कोलकात्याच्या सोनागाछीतील मुलांच्या हाती कॅमेरा देणाऱ्या झाना ब्रिस्की यांच्या ‘बॉर्न इन्टू ब्रॉथेल्स’ या माहितीपटाला २००५ मध्ये ऑस्कर मिळाले. मुलांचे फोटो खरोखरच विलक्षण होते. पण ज्या आयांचे जगणे जगभर पडद्यावर दिसले, त्यांच्या बाजूचे काय, असा प्रश्न कोलकात्यातूनच विचारला गेला. त्या काळी फोटो निदान कागदावर तरी राहत. आता तो एका क्षणात गावभर होतो. म्हणून मुलाने आधी विचारावे, ‘मावशी, तुमचा फोटो काढू का? शाळेत लावणार आहोत.’ मावशी ‘नको’ म्हणाली, तर फोन खिशात ठेवावा. हवे तर तिच्या हातगाडीचा फोटो काढू का, असे विचारावे. आणि फोटो निघालाच, तर त्याची एक प्रत छापून तिला नेऊन द्यावी.