सायकलचा हातपंप : घेताना काय पाहाल?

पहाटे पाव-बटर घेऊन निघणारे, कापडाचे गाठोडे बांधून खेडोपाडी फिरणारे, भंगार गोळा करणारे, सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे असे आपले किती तरी बांधव सायकलच्याच भरवशावर रोजी कमावतात. त्यांची सायकल वाटेत पंक्चर झाली म्हणजे त्या दिवसाची खेप गेली. पाव दुपारी पोचला तर तो कोण घेणार? आणि वेळेवर न पोचणाऱ्या माणसाचे गिऱ्हाईक चार दिवसांत दुसऱ्याकडे वळते.

पंक्चर काढण्याचे सामान बहुतेकांकडे असते. सोल्युशनची ट्यूब, रबराचे तुकडे, कानस, टायर काढण्याच्या पट्ट्या हे सगळे एका डबीत मावते. अडते ते हवेवर. आम्हीही एकदा फुटपाथवरून स्वस्तातला प्लॅस्टिकचा पंप घेतला होता. तो नेमका दोन गावांच्या मध्ये, भर उन्हात निकामी झाला. पंक्चर नीट निघाले होते, पण हवा भरता येईना. सायकल हातात धरून चालत यावे लागले. तेव्हापासून पंप घेताना आम्ही काही गोष्टी पारखून घेतो. त्याच येथे देत आहोत.

आधी वॉल पाहा

आपल्या नेहमीच्या काळ्या, २८ इंची सायकलच्या ट्यूबला जुन्या पद्धतीचा वॉल असतो. त्याच्या आत बारीक रबरी नळी, म्हणजे वॉलट्यूब, चढवलेली असते. मोटारसायकलच्या ट्यूबला जाड वॉल असतो व त्याच्या मधोमध पिन असते. जाड टायरच्या बऱ्याच नव्या सायकलींनाही हाच वॉल येतो. शर्यतीच्या व महागड्या गिअरच्या सायकलींना तिसरा, बारीक व लांब वॉल असतो. जाड वॉलचे तोंड साध्या वॉलवर बसत नाही. बारीक वॉलसाठी केलेले तोंड मात्र साध्या वॉलवर बहुधा चालते. तरी दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नये. सायकल दुकानापाशी न्यावी आणि पंप लावून, हवा भरूनच पैसे द्यावेत.

जाडी किती असावी?

येथे थोडा हिशेब समजून घेणे फायद्याचे आहे. २८ इंची, दीड इंच जाडीच्या टायरच्या पोटात सुमारे पावणेतीन लिटर जागा असते. त्यात ४५ पौंड हवा भरायची तर बाहेरची सुमारे ८ लिटर हवा आत कोंबावी लागते.

आता खिशात मावणारा छोटा पंप घ्या. आतून २० मिलिमीटर रुंद आणि दांड्याची ओढ १५ सेंटिमीटर. त्यातून एका वेळी ५० घन सेंटिमीटरपेक्षाही कमी हवा जाते. म्हणजे टायर भरायला पावणेदोनशे वेळा दांडा मारावा लागेल, आणि गळती धरली तर दोनशेच्या वर. याउलट २५ मिलिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर ओढीचा पंप घेतला तर हेच काम ऐंशी-नव्वद वेळांत होते.

मग आणखी जाड पंप का घेऊ नये? कारण पंप जितका रुंद, तितका शेवटी जोर जास्त लागतो. ४५ पौंडाला २० मिलिमीटरच्या पंपावर सुमारे १० किलोचा जोर पुरतो, २५ मिलिमीटरला साडेपंधरा किलो लागतो आणि ३२ मिलिमीटरला २५ किलो. उभे राहून, पायाने दाबून धरायच्या पंपाला हे चालते, पण रस्त्याच्या कडेला बसून हाताने भरणाऱ्याचा खांदा भरून येतो. म्हणून माल वाहणाऱ्या सायकलीसाठी मध्यम जाडीचा, लांब ओढीचा आणि सांगाड्याच्या नळीला अडकवता येईल असा पंप आम्हांला सर्वांत सोयीचा वाटतो. शर्यतीच्या सायकलीच्या टायरमध्ये १०० पौंडांपर्यंत हवा लागते. तेथे मात्र बारीक पंपच कामाचा.

रबरी नळी हवीच

काही पंपांचे तोंड थेट वॉलवर बसते, मध्ये नळी नसते. घाईत दांडा मारताना पंप हलतो आणि वॉल ट्यूबपासून बुडाशी फाटतो. तेथे पॅच बसत नाही, ट्यूबच बदलावी लागते. मध्ये वीतभर नळी असली की हा धोका राहत नाही. नळीच्या टोकाची पितळी चकती घट्ट आहे का, रबराला भेगा नाहीत ना, हे पाहून घ्यावे.

दुकानातली परीक्षा

नळीचे तोंड अंगठ्याने गच्च बंद करून दांडा दाबावा. हात सैल सोडताच दांडा जोराने मागे आला पाहिजे. तो तेथेच बसून राहिला किंवा कडेने हवा फुसफुसली, तर आतला वायसर ढिला आहे असे समजावे. पंप उघडता येतो का आणि त्याचा वायसर वेगळा मिळतो का, हेही विचारावे. जो पंप उघडत नाही, तो बिघडला की भंगारातच जातो. धातूचा पंप हवा भरताना तापतो, त्यात दोष नाही. थोडे थांबून पुन्हा भरावे.

चामड्याचा वायसर उन्हाळ्यात सुकतो, आकसतो आणि पंप हवा धरत नाही. अशा वेळी नवा पंप घेण्याआधी वायसर काढून तेलात भिजवावा व कडा बोटाने बाहेर फाकवून बसवावा. बहुधा पंप पुन्हा सुरू होतो. रबरी वायसरला मात्र खनिज तेल लावू नये, काही रबर त्याने फुगते.

नव्या वस्तूंबद्दल

हल्ली गॅसच्या छोट्या नळकांड्या मिळतात. १६ ग्रॅमच्या नळकांडीतून साडेआठ लिटरच्या आसपास गॅस निघतो, म्हणजे आपला एक टायर जेमतेम भरतो आणि नळकांडी फेकून द्यावी लागते. शिवाय तो गॅस ट्यूबमधून हवेपेक्षा लवकर झिरपतो. चार्जिंगवर चालणारे छोटे विजेचे पंपही आले आहेत. त्यांनी कष्ट वाचतात, पण चार्जिंग संपले की काही उपयोग नाही. रोज रस्त्यावर राहणाऱ्याने त्यांच्याबरोबर हातपंपही ठेवावा.

शेवटी

टायरच्या बाजूवर किती हवा भरावी याचा आकडा छापलेला असतो, त्याच्या वर जाऊ नये. ओझे मागच्या चाकावर असते, तेव्हा तेथे पुढच्यापेक्षा जास्त हवा असावी. बसलेल्या टायरवर माल लादून सायकल रेटू नये. त्याने ट्यूब, टायर आणि रिम तिन्ही कापले जातात, आणि तो खर्च पंपाच्या किमतीच्या कितीतरी वर जातो. डबीत दोन-चार वॉलट्यूब जरूर ठेवाव्यात. पुष्कळदा पंक्चर नसतेच, वॉलट्यूबच कुजलेली असते. तेवढी बदलली आणि पंप हाताशी असला, की दहा मिनिटांत माणूस पुन्हा धंद्याला लागतो.