इंधन स्वस्त, हवा महाग

डॉज रॅम या अमेरिकी पिकअप ट्रकमध्ये १९९४ पासून १९९८ च्या पूर्वार्धापर्यंत बसवलेले कमिन्सचे ५.९ लिटरचे डिझेल इंजिन आजही हौशी मेकॅनिकांचे लाडके आहे. सिलिंडर सहा, व्हॉल्व्ह बारा, म्हणून त्याला सरसकट ‘बारा व्हॉल्व्ह’ म्हणतात. इंजिन बंद करणारा सोलेनॉइड वगळला, तर त्याच्या इंधनाच्या नियंत्रणात विजेचे काहीच नाही. कोणत्या क्षणी किती डिझेल द्यायचे, हे बॉशचा पी-७१०० हा पंप स्प्रिंगा, वजने, दांड्या आणि पोलादाची एक वळणदार पट्टी यांच्या जोरावर ठरवतो. त्यामुळे पाना, स्क्रूड्रायव्हर आणि बऱ्यापैकी धीर असलेला माणूस या इंजिनाची ताकद वाढवू शकतो. ती वाढवताना काय काय जपावे लागते, हे कळायला मात्र पंप आणि टर्बो दोन्ही आतून माहीत हवेत.

इंजिनाची जन्मकथा साधी आहे. कमिन्स आणि केस या कंपन्यांनी मिळून शेतीची व बांधकामाची यंत्रे आणि मध्यम ट्रक यांच्यासाठी ‘बी’ मालिका तयार केली. १९८९ मध्ये तेच इंजिन १६० अश्वशक्ती देत डॉजच्या पिकअपमध्ये आले. त्या वेळी त्याला बॉशचा व्हीई हा रोटरी पंप होता. १९९४ मध्ये त्याची जागा सहा प्लंजरच्या पी-पंपाने घेतली. भारतालाही हे घराणे परके नाही. जमशेदपूरच्या टाटा कमिन्स कारखान्यात बी मालिकेची इंजिने बनली आणि टाटांच्या ट्रकमधून ती देशभर फिरली. सरळ रांगेतला बॉश पंप इथल्या पंपवाल्यांच्या हातातला जुना माल आहे, आणि बॉशच्या नाशिकच्या कारखान्यात नोझल व इंजेक्टर बनतात.

पंपाच्या आत प्रत्येक प्लंजरखाली एक कॅम असलेला शाफ्ट फिरतो आणि सहा प्लंजर आळीपाळीने उचलतो. प्रत्येक प्लंजर १२ मिलिमीटर व्यासाचा असून तो आपापल्या बॅरलमध्ये वर-खाली होतो. प्लंजर-बॅरलच्या या जोडीला आपल्याकडचे पंपवाले एलिमेंट म्हणतात. दोघांमधली फट काही मायक्रॉनची असते. रिंग नाही, सील नाही. नुसत्या घासणीच्या अचूकपणावर शेकडो बारचा दाब तोलला जातो आणि वंगणाचे काम डिझेलच करते. प्लंजरची चाल कधी बदलत नाही. बदलते ते त्याचे तोंड. त्याच्या अंगावर तिरकी खाच कापलेली असते. प्लंजर वर जाताना बॅरलमधले छिद्र बंद होते, दाब चढतो, डिलिव्हरी व्हॉल्व्ह उघडतो आणि डिझेल नोझलकडे जाते. तिरकी कड त्या छिद्रापाशी पोहोचली की दाब मोकळा होतो आणि फवारा तुटतो. रॅक नावाची दांडी पुढे-मागे सरकली की सहाही प्लंजर एकदम थोडेसे फिरतात, तिरकी कड लवकर किंवा उशिरा छिद्रावर येते आणि डिझेल कमी-जास्त होते.

यातले आकडे पाहिले की या घासकामाबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही. मिनिटाला २,५०० फेऱ्यांवर प्रत्येक सिलिंडरला सेकंदात वीसहून अधिक वेळा डिझेल मिळते. पूर्ण भारावर एका फवाऱ्याचे माप ९० ते १०० घन मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम दोन थेंब. सहाही एलिमेंटनी हे माप सारखे द्यायला हवे. म्हणून पंप टेस्ट बेंचवर चढवून प्रत्येकाची डिलिव्हरी काचेच्या नळीत मोजतात, आणि बॅरलची फ्लँज किंचित फिरवून सहाही नळ्यांतली पातळी एका रेषेत आणतात. हे काम घाईत होत नाही. एका सिलिंडरला जास्त डिझेल मिळत राहिले, तर पुढे पिस्टन जळतो तो नेमका त्याच सिलिंडरचा.

रॅक किती पुढे जावा यावर गव्हर्नरचे राज्य चालते, आणि याच गव्हर्नरवर बारा व्हॉल्व्हची सारी कीर्ती उभी आहे. पंपाच्या मागच्या बाजूला, वरच्या झाकणाखाली, बोटभर लांबीची पोलादी पट्टी बोल्टने बसवलेली असते. तिला फ्युएल प्लेट म्हणतात. इंजिनाच्या फेऱ्या वाढतात तशी गव्हर्नरची फिरती वजने बाहेर सरकतात आणि रॅकला जोडलेल्या एका लहान पायाला या पट्टीच्या कडेवरून फिरवतात. पट्टी जिथे खोल कापलेली, तिथे पाय पुढे जातो, रॅक पुढे जातो आणि डिझेल वाढते. फुगवटा आला की पाय अडतो. कोणत्या फेऱ्यांवर किती टॉर्क मिळावा याचा सगळा आलेख असा धातूच्या कडेवर कोरलेला असतो. आज हेच काम संगणकातला तक्ता करतो. पण तो तक्ता हातात घेऊन उजेडाला धरता येत नाही, किंवा त्याच्या कडेवरून अंगठा फिरवून इंजिनाचा स्वभाव सांगता येत नाही. हा मान फ्युएल प्लेटचाच.

पट्टी थोडी पुढे सरकवली की डिझेल वाढते. वेगळ्या कापाची पट्टी बसवली की टॉर्कचा आकारच बदलतो, आणि ती काढूनच टाकली तर रॅक शेवटच्या टोकापर्यंत मोकळा होतो. कारखान्यानेही ही मोकळीक वापरली आहे. १९९६ पासून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या गाडीत हे इंजिन १८० अश्वशक्तीचे, तर हाताने गिअर टाकायच्या गाडीत २१५ अश्वशक्तीचे होते. इंजिन मूळचे एकच. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला झेपेल इतकीच ताकद त्याला दिलेली होती.

दुसरा लगाम हवेचा. गव्हर्नरच्या डोक्यावरच्या लहानशा घरात रबरी डायफ्राम आणि स्प्रिंग असते. टर्बोचा दाब नळीने डायफ्रामवर येतो, स्प्रिंग दबते आणि तेव्हाच रॅकला पुढे जायची परवानगी मिळते. यालाच एएफसी म्हणतात. पायाखाली अॅक्सिलरेटर दाबला तरी टर्बोला वेग घ्यायला क्षण-दोन क्षण लागतात. तेवढा वेळ डिझेल रोखून धरणे हे एएफसीचे काम. वरचा बूच काढला की आतले दातेरी चाक दिसते. स्क्रूड्रायव्हरने ते एकेक दात फिरवून स्प्रिंग सैल केली, तर डिझेल लवकर येते आणि पिकअप सुधारतो. फार सैल केली तर गाडी काळा धूर ओकते. चुलीत लाकडे कोंबली आणि फुंकणी बाजूला ठेवली तर जे होते, तेच इथे होते. एक किलो डिझेल नीट जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. प्रत्यक्षात धूर टाळायचा तर अठरा-वीस किलो हाताशी असावी, कारण फवाऱ्यातल्या प्रत्येक कणाला हवा वेळेत गाठत नाही. पट्टी सरकवायला पैसे लागत नाहीत. तेवढी जास्तीची हवा आणायला मात्र नवा टर्बो लागतो.

मूळ टर्बो होल्सेटचा एचएक्स-३५. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये पेटंट घेतलेल्या कल्पनेचाच हा वंशज: बाहेर जाणारा एक्झॉस्ट टर्बाइन फिरवतो, त्याच शाफ्टवरचा कंप्रेसर हवा दाबून आत ढकलतो. कारखान्यातून निघालेल्या गाडीत सव्वा बारच्या आसपास बूस्ट, म्हणजे टर्बोने चढवलेला हवेचा दाब, मिळतो. एचएक्स-३५ कडून सव्वादोन-अडीच बारपर्यंत काम करून घेता येते. त्यापुढे शाफ्टचा वेग धोक्याच्या हद्दीत जातो आणि कंप्रेसर हवा पुढे ढकलण्यापेक्षा तापवू लागतो. तीस अंशांची हवा दोन बार बूस्टवर, चांगल्या कंप्रेसरमधूनही, १८० अंशांच्या घरात तापून बाहेर पडते. तापलेली हवा विरळ असते. ती थंड करणारा इंटरकूलर आणि त्याच्या नळ्या धड हव्यात ते यासाठी. एका सैल क्लिपमधून निसटलेली हवा नव्या टर्बोची किंमत वाया घालवते.

टर्बो निवडताना मोठ्याचा मोह आवरावा लागतो. टर्बाइनचे घर मोठे घेतले, तर एक्झॉस्टचा दाब मोकळा होतो आणि भारावर इंजिन थंड राहते, पण बूस्ट उशिरा येतो. घर लहान असेल तर बूस्ट चटकन येतो, मात्र वरच्या फेऱ्यांवर एक्झॉस्ट कोंडतो. म्हणून जाणकार बूस्टच्या जोडीला टर्बाइनच्या अलीकडचा एक्झॉस्ट दाबही मोजतात. दोन्ही जवळपास सारखे असले तर जोडी जमली. एक्झॉस्टचा दाब दुपटीकडे झुकला, तर गेजवर आकडा छान दिसतो आणि इंजिन घुसमटत असते. एचएक्स-३५ च्या पुढची पायरी म्हणजे त्याच घराण्यातला, मोठ्या ८.३ लिटर इंजिनावर चालणारा एचएक्स-४०. त्याहून पुढे जाणारे दोन टर्बो एकामागे एक बसवतात. मोठ्याने हवा दुप्पट दाबली आणि लहानाने तीच अडीचपट दाबली, तर एकूण दाब पाचपट होतो. दोघांपैकी कोणालाही जीव तोडून फिरावे लागत नाही.

डिझेल वाढले की टायमिंग, म्हणजे फवारा सुरू होण्याची वेळ, हेही पुढे आणावे लागते, आणि या कामात पुष्कळांची फसगत होते. पंपाचा गिअर ज्या शाफ्टवर बसतो तो निमुळता असतो, आणि गिअरची जागा धरून ठेवणारी चावी तिथे नसते. पहिल्या सिलिंडरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून तिथे डायल गेज लावतात, प्लंजर किती उचलला हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत वाचतात, पुलरने गिअर सोडवतात, शाफ्ट हव्या त्या मापावर आणतात आणि नट पुन्हा आवळतात. गिअर जागेवर राहतो तो केवळ दोन निमुळत्या पृष्ठभागांच्या पकडीवर. तिथे तेलाचा पुसटसा थर राहिला तरी पुढे कधीतरी भर रस्त्यात गिअर घसरतो, टायमिंग मागे जाते आणि इंजिन पांढरा धूर सोडत मरगळते. म्हणून दोन्ही पृष्ठभाग ब्रेक क्लीनरने धुवून, कापड कोरडे निघेपर्यंत पुसतात. संपूर्ण कामातली ही सर्वांत स्वस्त पायरी.

पट्टी, एएफसी आणि टायमिंग एवढ्यावर हे इंजिन ३०० अश्वशक्तीच्या आसपास पोहोचते. खरी कटकट त्यानंतर सुरू होते.

पहिली उष्णतेची. पिस्टनचा ॲल्युमिनियम मिश्रधातू सहाशे अंशांच्या अलीकडेच वितळू लागतो. खालून तेलाची धार सतत त्याच्या पोटावर पडते म्हणून तो वाचतो. टर्बोच्या अलीकडे, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये थर्मोकपल बसवून पायरोमीटर लावतात, आणि सलग भारावर काटा ७०० अंशांच्या खाली ठेवतात. रिकामी गाडी दामटताना काटा क्षणभर चढून उतरतो, त्याने फार बिघडत नाही. धोका जड ट्रेलर ओढत चढलेल्या लांब घाटात. कोलोरॅडोत आय-७० महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी सुमारे ३,४०० मीटर उंचीवर जातो. तिथल्या हवेची घनता समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास असते. पंपाला त्या उंचीची जाणीव फक्त बूस्टच्या दाबातून होते. सैल केलेला एएफसी तिथे डिझेल ओततच राहतो आणि काटा चढत जातो. थर्मोकपल टर्बोच्या पलीकडे बसवला असेल, तर गेज शंभराहून अधिक अंश कमी दाखवते आणि चालक निर्धास्त राहतो.

दुसरी कटकट पुरवठ्याची. पी-पंपाला पूर्ण भारावर दोन-अडीच बार दाबाने डिझेल मिळायला हवे. ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंग वर्षानुवर्षांत ढिली पडते, डिझेल टाकीकडे परत पळते आणि पंप अर्धपोटी राहतो. पुष्कळदा महागडे नोझल बदलूनही ताकद वाढत नाही त्याचे कारण हे एवढेसे असते.

मग एकेक सांधा बोलू लागतो. बूस्ट अडीच बारच्या पुढे गेला की मूळ हेड बोल्ट आणि गॅस्केट यांचा भरवसा उरत नाही. गव्हर्नरच्या स्प्रिंगा बदलून फेऱ्या तीन हजारांच्या वर नेल्या, तर मूळ व्हॉल्व्ह स्प्रिंगा अपुऱ्या पडतात आणि व्हॉल्व्ह वेळेत बसत नाही. क्लच घसरतो. एनव्ही-४५०० या गिअरबॉक्समध्ये पाचव्या गिअरचा नट सैल होण्याची खोड आहे. आणि सर्वांत नाठाळ म्हणजे टायमिंग गिअरच्या आवरणातली लहानशी पोलादी डॉवेल पिन. ताकद वाढवा किंवा वाढवू नका, ती कंपनांनी सरकत बाहेर येते आणि कधीतरी फिरत्या गिअरमध्ये पडून आवरणच फोडते. शेजारच्या बोल्टखाली पत्र्याचा तुकडा दाबून तिचे तोंड बंद करणे हा उपाय. टायमिंगसाठी पुढचे आवरण उघडणारा मेकॅनिक हे काम न करता ते बंद करत असेल, तर त्याच्याकडे गाडी देऊ नये.

शेवटची अडचण रस्त्यावरच्या इतरांची. मुद्दाम काळा धूर सोडत फिरण्याचा प्रकार अमेरिकेत फोफावला, आणि प्रदूषण-नियंत्रणाची सामग्री काढून टाकलेल्या डिझेल पिकअपची संख्या दहा वर्षांत साडेपाच लाखांवर गेल्याचा अंदाज तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये दिला. तो धूर म्हणजे न जळलेले डिझेल आणि कोणाच्या तरी फुप्फुसात जाणारी काजळी. नीट ट्यून केलेले बारा व्हॉल्व्ह भारावर फिकट करडी झाक दाखवते, त्याहून अधिक नाही. भारतात मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतला तपशील बदलणाऱ्या फेरबदलांना आळा घालते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार बेकायदा फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. इथल्या जुन्या ट्रकच्या मालकाने ताकद वाढवायच्या फंदात न पडता पंप टेस्ट बेंचवर कंपनीच्या आकड्यांना आणून घ्यावा, नोझलचा दाब तपासावा आणि इंटरकूलरच्या नळ्यांची गळती बंद करावी. गेलेला पिकअप पुष्कळदा तेवढ्यानेच परत येतो आणि धूरही कमी होतो.