मन आणि हात-पाय: उपचार एकत्रच हवेत

पक्षाघातातून वाचलेल्या साधारण तीनपैकी एका रुग्णाला पुढे नैराश्य येते. ‘हात-पाय चालू लागले की मनही सावरेल,’ असे घरचे म्हणतात. पण खचलेला रुग्ण व्यायामालाच उठत नाही. म्हणून मनाचे उपचार पुढे ढकलून चालत नाही. मग नुसती गोळी पुरेल का? ब्रिटनमधील ‘फोकस’ चाचणीत (२०१८) ३,१२७ रुग्णांपैकी निम्म्यांना सहा महिने फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध दिले. नव्याने नैराश्य येण्याचे प्रमाण १७.२ ऐवजी १३.४ टक्के राहिले. पण रोजची कामे करण्याची क्षमता वाढली नाही आणि हाडे मोडण्याचे प्रमाण १.५ ऐवजी २.९ टक्के झाले. अर्थात, तिथे औषध सरसकट दिले होते. नैराश्याचे निदान झालेल्या रुग्णाने आपली गोळी परस्पर बंद करू नये.

गोळीला जोड हवी ती समुपदेशक आणि फिजिओथेरपिस्ट यांनी मिळून ठरवलेल्या छोट्या उद्दिष्टांची: लुळ्या हाताने शर्टाचे एक बटण लावणे, आधाराने दारापर्यंत जाणे. वाचा गेलेल्याचे नैराश्य ओळखायचे कसे, हा प्रश्न रास्त आहे. तिथे घरच्यांची नजरच कामी येते: जेवण टाळणे, वारंवार रडणे, भेटायला आलेल्यांकडे पाठ फिरवणे. हे दिसताच डॉक्टरांना सांगावे.